एक्सएमएलच्या क्लासमध्ये 'पार्सर लायसन्स'चे पैसे मागितले, तर आधी हे वाचा

एक्सएमएल म्हणजे माहितीला खुणा लावून ती फाईलमध्ये ठेवायची एक पद्धत. त्यावर चालणारी ॲप्लिकेशन्स बनवायला शिकवतो, असं सांगून कोल्हापुरातल्या एका इन्स्टिट्यूटने आमच्या अख्ख्या बॅचला फसवलं. तक्रार ग्राहक आयोगात आहे, म्हणून नाव लिहीत नाही. पद्धत मात्र सविस्तर लिहिते, कारण पाटी बदलून हीच मंडळी उद्या दुसऱ्या गावात बसतील.

मी इचलकरंजीत सुताच्या व्यापाऱ्यांचे हिशेब बघते. पार्ट्यांची बिलं एक्सेलमध्ये येतात आणि टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये एकेक करून चढवावी लागतात. टॅली एक्सएमएल फाईलमधून व्हाउचर, म्हणजे हिशेबाच्या नोंदी, थेट आत घेते. एक्सेलवरून तशी फाईल तयार करणारं छोटं ॲप स्वतःला लिहिता आलं, तर मार्चअखेरची जागरणं संपतील, एवढ्यासाठी मी क्लास लावला. फी ४८ हजार.

पहिले काही आठवडे टॅग (माहितीच्या तुकड्याभोवतीची खूण) उघडायचा, टॅग बंद करायचा, इतकंच चाललं. मग मी माझी खरी बिलं घेऊन बसले आणि फाईल दर वेळी एका ठरावीक पार्टीपाशी अडकू लागली. सरांनी स्क्रीनकडे पाहिलं आणि म्हणाले, "मॅडम, तुमचं पार्सर लायसन्स बेसिक आहे. प्रो घ्या, लगेच चालेल." पार्सर म्हणजे एक्सएमएल फाईल वाचून तिची रचना उलगडणारा प्रोग्रॅम. प्रोचे ९ हजार, आणि दर वर्षी रिन्यूअल. बॅचमधल्या बहुतेकांनी भरले, मीही भरले. फाईल तिथेच अडकत राहिली.

खरं कारण असं होतं. त्या पार्टीचं नाव 'शहा & सन्स' या धर्तीचं होतं. एक्सएमएलमध्ये & हे चिन्ह राखीव असतं, नुसतं लिहिलं की फाईल चुकीची ठरते. त्या जागी & नंतर इंग्रजी ए, एम, पी ही छोटी अक्षरं आणि शेवटी अर्धविराम लिहायचा असतो. एका ओळीची दुरुस्ती! हे एक्सएमएलच्या पहिल्या धड्यात यायला हवं. शिकवणाऱ्याला ते माहीत नव्हतं, की माहीत असून त्याने लायसन्स विकलं, हे मला आजही ठरवता येत नाही. दोन्ही तितकंच संतापजनक आहे.

पार्सरसाठी पैसे द्यावे लागत नाहीत. पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा फुकट आहे आणि २००६ साली आलेल्या २.५ आवृत्तीपासून एलिमेंटट्री नावाचा पार्सर त्याच्यासोबतच येतो. जावातही आहे, तुमच्या ब्राउझरमध्येही आहे. एक्सएमएल हे मानकच डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेने फेब्रुवारी १९९८ मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलं. ते वापरायला कुणाची परवानगी लागत नाही. काही कंपन्यांचे एडिटर विकत मिळतात, ते वेगळं. शिकायला त्यांची गरज नाही.

आता 'लाइव्ह प्रोजेक्ट'. ॲप बनवायचं सोडून आम्हाला स्कॅन केलेली पुस्तकाची पानं दिली. शीर्षकाला टॅग लावा, परिच्छेदाला लावा, तळटिपेला लावा. प्रत्येक फाईलवर जॉब नंबर आणि डिलिव्हरीची तारीख. चुका जास्त निघाल्या तर सर्टिफिकेट मिळणार नाही, अशी तंबी. बॅचमधल्या एका ताईंनी पूर्वी पुण्यात ई-बुक कन्व्हर्जनचं काम केलं होतं. त्यांनी फाईल बघताच सांगितलं, "अगं, हे गिऱ्हाइकाचं काम आहे. याचे पानामागे पैसे मिळतात." म्हणजे आम्ही फी भरून त्यांच्याकडे फुकट राबत होतो. संध्याकाळी नोकरी करून येणारी पोरं डोळे चोळत तळटिपा लावत बसायची, ते आठवलं की अजून जीव जळतो.

पैसे परत मागितल्यावर तिसरी गोष्ट उघड झाली. प्रवेशाच्या दिवशी 'ॲडमिशन कन्फर्म करायला' म्हणून काउंटरवर ओटीपी घेतला होता. तो एका फायनान्स कंपनीच्या कर्जकरारावरची माझी संमती होती. 'बिनव्याजी हप्ते' म्हणजे माझ्या नावावरचं कर्ज. पूर्ण रक्कम इन्स्टिट्यूटला आधीच पोचली होती, त्यामुळे मी क्लास सोडला तरी त्यांचं काहीच अडणार नव्हतं.

तुमच्या बाबतीत असं झालं असेल, तर हप्ते गुपचूप बंद करू नका, सिबिल स्कोअर (कर्जफेडीची पत) बिघडतो. आधी फायनान्स कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवा आणि कर्जाचं मुख्य तथ्य विवरणपत्र, म्हणजे व्याज, खर्च आणि अटी सांगणारा कागद, मागा. प्रवेश नुकताच घेतला असेल, तर ठरावीक मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज भरून डिजिटल कर्जातून दंडाशिवाय बाहेर पडता येतं. ३० दिवसांत उत्तर आलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. इन्स्टिट्यूटविरुद्ध १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. पावत्या, व्हॉट्सॲपवरचे मेसेज, जॉब नंबर असलेल्या फाईली, सगळं जपून ठेवा. आमच्या अर्जासोबत आम्ही त्या फाईलीच जोडल्या आहेत.