पीसी चालू न होण्यावरचा तपासणी संच: काही महिन्यांच्या वापरानंतर

एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) तपासणारा टेस्टर, पीसी सुरू होतानाचे कोड दाखवणारं पोस्ट कार्ड, मदरबोर्डवर लावायचा छोटा स्पीकर आणि एक साधा डिजिटल मल्टिमीटर. ‘पीसी डायग्नोस्टिक किट’ या नावाने मिळणाऱ्या बहुतेक संचांत थोड्याफार फरकाने याच चार वस्तू असतात. काही महिने नियमित वापरल्यावर त्यांच्याबद्दलचं मत पाकिटावरच्या जाहिरातीच्या बरोबर उलटं होतं. सगळ्यात रुबाबदार दिसणारं पोस्ट कार्ड बहुतेक वेळा पिशवीतच राहतं, आणि भर म्हणून टाकल्यासारखे वाटणारे मल्टिमीटर व स्पीकर मिळून बराचसा निकाल लावतात.

आधी तक्रार नेमकी कोणती ते ठरवायला हवं, कारण हा संच सगळ्या तक्रारींवर चालत नाही. बटण दाबूनही पंखा हलत नाही, ही एक. पंखे फिरतात, दिवे लागतात, पण डिस्प्ले येत नाही, ही दुसरी. लोगो येतो पण विंडोज चढत नाही, ही तिसरी, आणि तिच्यासाठी संच उघडायचीही गरज नाही. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणारा बोर्डावरचा प्रोग्राम) जाऊन एसएसडी, म्हणजे विंडोज असलेली डिस्क, यादीत दिसते का ते बघावं. दिसत असेल तर बूट मोड (सुरू होण्याची पद्धत) नव्या यूईएफआयवरून जुन्या लेगसीवर गेलाय का, साटा मोड (डिस्क जोडण्याची पद्धत) बदललाय का, ते तपासावं. बोर्डावरचा सीआर२०३२ हा नाण्यासारखा सेल संपला की हे बदल आपोआप होऊ शकतात. नवा सेल ३.२ व्होल्टच्या आसपास दाखवतो, २.७ च्या खाली असेल तर बदलून टाकावा.

मल्टिमीटर

पंखाही हलत नसेल तर थेट मल्टिमीटर घ्यावा. नॉब २० व्होल्ट डीसीवर, काळा प्रोब कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूवर, आणि लाल प्रोब एसएमपीएसकडून बोर्डाकडे येणाऱ्या २४ पिनांच्या कनेक्टरमध्ये मागून, जिथे वायर आत शिरते तिथून. कनेक्टर बोर्डावर लावलेलाच ठेवायचा, कारण एसएमपीएस आणि बोर्ड यांच्यातला व्यवहार बघायचा आहे. तो चार वायरींवर कळतो, आणि क्रम महत्त्वाचा आहे.

पहिली जांभळी. पीसी बंद असताना, पण मागचा स्विच चालू असताना, तिच्यावर ४.७५ ते ५.२५ व्होल्ट असायलाच हवेत. हा स्टँडबाय पुरवठा. तो नसेल तर बटणाला अर्थच नाही. शून्य दिसलं तरी एसएमपीएसला लगेच दोष देऊ नये. २४ पिनांचा कनेक्टर काढून पुन्हा मोजावं. काढल्यावर ५ व्होल्ट परत आले तर बोर्डावरचं किंवा यूएसबीला लावलेलं काहीतरी ती लाइन खाली ओढतंय. समोरच्या यूएसबी पोर्टमधली वाकलेली पिन हे त्याचं नेहमीचं कारण. काढूनही शून्यच असेल तर पॉवर कॉर्ड बदलून बघावी, आणि मगच एसएमपीएस बाद धरावा.

दुसरी हिरवी. बंद असताना तिच्यावर साधारण ३ ते ५ व्होल्ट असतात आणि बटण दाबलं की ते ०.८ च्या खाली यायला हवेत. बोर्ड एसएमपीएसला ‘सुरू हो’ म्हणतो तो या वायरीवरून. व्होल्टेज खाली येतच नसेल तर दोष बटणात, त्याच्या वायरीत किंवा बोर्डात आहे. फ्रंट पॅनलच्या (कॅबिनेटच्या समोरची बटणं आणि दिवे यांच्या) सगळ्या वायरी काढून पॉवर स्विचच्या दोन पिना स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर जोडाव्यात. त्याने पीसी चालू झाला तर बटण खराब. रीसेटचं बटण आत अडकून बसलं तरी बोर्ड कायम रीसेटमध्ये राहतो, पंखे फिरतात आणि डिस्प्ले येत नाही. म्हणून तपासणी संपेपर्यंत रीसेटची वायर लावूच नये.

तिसरी पिवळी, म्हणजे १२ व्होल्ट. हिरवी खाली गेली पण पिवळी उठलीच नाही, किंवा क्षणभर उठून पडली, तर दोन शक्यता: एसएमपीएस मेलाय, किंवा पुढे कुठेतरी शॉर्ट असल्यामुळे त्याचं संरक्षण काम करतंय. ग्राफिक्स कार्ड, ड्राइव्ह, पंखे, प्रोसेसरजवळचा ८ पिनांचा कनेक्टर असं एकेक काढत गेलं की कोणत्या काढण्याने पिवळी टिकते ते कळतं.

चौथी राखाडी, आणि संचाचे पैसे खरे तर हिच्यावरच वसूल होतात. सगळी व्होल्टेज स्थिर झाल्यावर १०० ते ५०० मिलीसेकंदांत एसएमपीएस या वायरीवर ५ व्होल्टच्या आसपासचा इशारा देतो. तो मिळेपर्यंत बोर्ड प्रोसेसरला रीसेटमधून सोडत नाही. राखाडी शून्यावरच राहिली तर पंखे जोरात फिरतात, दिवे लागतात, सगळं चालू असल्यासारखं दिसतं आणि डिस्प्ले मात्र येत नाही. अशा पीसीवर लोक रॅम खोडरबराने घासत बसतात. एक मिनिट या वायरीवर घालवलं तर ती घासाघीस वाचते.

मॉड्युलर (केबल सुट्या करता येणाऱ्या) एसएमपीएसच्या केबल सहसा सगळ्या काळ्या असतात, त्यामुळे रंग उपयोगाचे नाहीत. पिना मोजाव्या लागतात. क्लिप असलेल्या ओळीच्या एका टोकाला ३.३ व्होल्ट आणि दुसऱ्या टोकाला ग्राउंड असतं. ३.३ च्या टोकाकडून मोजलं तर चौथी पिन हिरवीची. त्याच टोकाकडून क्लिप नसलेल्या ओळीत आठवी राखाडीची आणि नववी जांभळीची.

संचातल्या मल्टिमीटरचा मोठा दोष म्हणजे जाड प्रोब. कनेक्टरमध्ये मागून घालायला सुईसारखी टोकं लागतात. ती वेगळी घ्यावीत. दुसरं, मीटरची स्वतःची बॅटरी उतरली की आकडे खऱ्यापेक्षा जास्त दिसतात. १२ च्या जागी १३ दिसले, आणि ५ व ३.३ सुद्धा त्याच प्रमाणात फुगलेले असतील, तर आधी मीटरची बॅटरी बदला. आणि लाल प्रोब १० अँपिअरच्या भोकात राहिला असताना १२ व्होल्टला लावला तर तो सरळ शॉर्ट आहे, ठिणगी पडते.

एसएमपीएस टेस्टर

टेस्टर वापरायला सोपा आहे. २४ पिनांचा कनेक्टर लावला की हिरवी स्वतःच खाली ओढून तो एसएमपीएस चालू करतो आणि पडद्यावर सगळी व्होल्टेज एकदम दाखवतो. राखाडीचा इशारा किती मिलीसेकंदांनी आला हेही दाखवतो, जे मल्टिमीटरला जमत नाही. १२ व्होल्टसाठी ११.४ ते १२.६, ५ साठी ४.७५ ते ५.२५, ३.३ साठी ३.१४ ते ३.४७ ही मर्यादा. उणे १२ ला १० टक्के सूट आहे. त्यापलीकडे गेलं की टेस्टर ओरडतो.

पण टेस्टर ‘नापास’ म्हणाला तर विश्वास ठेवावा, ‘पास’ म्हणाला तर ठेवू नये. त्याचा स्वतःचा भार नगण्य असतो. आतले कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) सुकलेला एसएमपीएस टेस्टरवर १२.१ दाखवतो आणि ग्राफिक्स कार्डाने ओढ घेतली की कोसळतो. खरी परीक्षा पीसीला जोडूनच होते: सुरू होताना मोलेक्सच्या (जुन्या ड्राइव्हना वीज देणारा चार पिनांचा कनेक्टर) पिवळ्या वायरीवर मीटर धरावा. आकडा ११.४ खाली जात असेल तर टेस्टरने काहीही सांगितलेलं असो, एसएमपीएस बदलायचा. १२ व्होल्टवरची रिपल, म्हणजे व्होल्टेजमधला बारीक चढउतार, १२० मिलीव्होल्टच्या आत हवी. ती टेस्टरला दिसत नाही आणि साध्या मीटरलाही नीट दिसत नाही, त्याला ऑसिलोस्कोपच लागतो.

काही टेस्टर उणे ५ व्होल्टचा रकाना दाखवतात आणि तिथे ‘कमी’ असा इशारा देतात. तो सोडून द्यावा. उणे ५ ची पांढरी वायर नव्या एसएमपीएसमध्ये नसतेच. ब्रँडेड कंपन्यांच्या अनेक पीसींत ६ किंवा १० पिनांचे कनेक्टर असतात, शिवाय फक्त १२ व्होल्ट देणारे १० पिनांचे एटीएक्स१२व्हीओ एसएमपीएस आहेत. तिथे हा टेस्टर लागतच नाही. आपल्या पीसीचा कनेक्टर आधी बघून मगच संच घ्यावा.

टिकाऊपणा बेताचा. सतत लावून-काढून टेस्टरचं सॉकेट सैल होतं, आणि मग कनेक्टर जरा हलवला की ३.३ चा आकडा नाचतो. अशा वेळी एसएमपीएसला नापास करण्याआधी तोच आकडा मल्टिमीटरने पडताळावा.

स्पीकर

नखाएवढा हा स्पीकर संचातला सगळ्यात कमी किमतीचा भाग, आणि डिस्प्ले येत नसेल तर सगळ्यात कामाचा. फ्रंट पॅनलच्या वायरींजवळच्या चार पिनांच्या हेडरवर (बोर्डावरच्या उघड्या पिनांची ओळ) लावायचा. उलटा लागला तरी बिघडत नाही.

सगळ्या रॅम काढून पीसी चालू करावा. बीप आला तर ती चांगली बातमी: प्रोसेसर चालतोय, बायोस चालतोय, बोर्ड बराचसा ठीक आहे. मग एकच रॅम, बहुतेक चार स्लॉटच्या बोर्डांवर प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये, लावून पुढे जायचं. रॅम नसतानाही शांतता असेल तर प्रोसेसरजवळचा ८ किंवा ४ पिनांचा कनेक्टर बघावा. तो लावायचा राहून जातो, आणि त्याशिवायही पंखे छान फिरतात. तोही ठीक असेल तर संशय प्रोसेसर, बोर्ड किंवा बायोसवर.

बीपचे अर्थ मात्र बोर्डाच्या पुस्तिकेतूनच घ्यावेत. एक लांब आणि दोन आखूड बीप म्हणजे अवॉर्ड कंपनीच्या जुन्या बायोसवर ग्राफिक्सची अडचण, आणि आसुसच्या बोर्डावर रॅम सापडली नाही. आसुसवर ग्राफिक्ससाठी एक लांब, तीन आखूड. इंटरनेटवरच्या सरसकट तक्त्यांवर विसंबून चांगलं कार्ड बदललं जातं ते असंच.

काही नव्या बोर्डांवर स्पीकरचं हेडर नसतं. त्याऐवजी सीपीयू, डीरॅम, व्हीजीए आणि बूट असे चार छोटे दिवे असतात. जो पेटून राहतो तिथे गाडी अडली. डीडीआर५ या नव्या प्रकारच्या रॅमवर एक सवलत द्यावी लागते: नवी रॅम लावल्यावर किंवा सीमॉस क्लिअर केल्यावर (बायोसची सेटिंग्ज मूळपदावर आणल्यावर) मेमरी ट्रेनिंग, म्हणजे बोर्डाचं रॅमशी जुळवून घेणं, चालतं आणि काही मिनिटं पडदा काळा राहू शकतो, विशेषतः एएमडीच्या एएम५ बोर्डांवर जास्त रॅम असताना. तेवढ्यात घाईने वीज काढली तर ते पहिल्यापासून सुरू होतं.

सीमॉस क्लिअर करताना पॉवर कॉर्ड काढलेली हवी. बोर्डावरच्या त्यासाठीच्या दोन पिना जंपरने दहा सेकंद जोडल्या तरी पुरतं. मात्र बिटलॉकर (विंडोजचं डिस्कवरचं कुलूप) चालू असेल तर त्यानंतर विंडोज रिकव्हरी की मागू शकतं. ती आधीच शोधून ठेवावी.

पोस्ट कार्ड

बायोस सुरू होताना प्रत्येक टप्प्याचा दोन अंकी कोड ८० क्रमांकाच्या पोर्टवर (बोर्डातल्या एका ठरलेल्या पत्त्यावर) लिहितो आणि कार्ड तो दाखवतं. कल्पना उत्तम, पण ती पीसीआय स्लॉटच्या काळातली. आज पीसीआय स्लॉटच नाहीत, आणि पीसीआय एक्स्प्रेसमध्ये लावायच्या कार्डापर्यंत बहुतेक बोर्ड हे कोड पोचवतच नाहीत. कार्डावर एफएफ किंवा ०० दिसत राहतं आणि बोर्ड मेलाय असं वाटतं. बोर्डावर टीपीएम या सुरक्षा चिपसाठीचं, जुन्या एलपीसी प्रकारच्या जोडणीचं हेडर असेल तर तिथे काही कार्डं चालतात, पण बऱ्याच नव्या बोर्डांवर तेही एसपीआय या वेगळ्या प्रकारचं झालंय. जुने पीसी दुरुस्त करणाऱ्यांनी जरूर घ्यावं. इतरांनी कार्ड नसलेला संच शोधावा. बोर्डावरच कोड दाखवणारा छोटा डिस्प्ले असेल तर तो शंभरपट बरा. एएमआय कंपनीच्या बायोसवर ५५ म्हणजे रॅम नाही, डी६ म्हणजे डिस्प्लेचं उपकरण सापडलं नाही.

संचात नसलेल्या, पण सोबत हव्यातच अशा वस्तू

चालू असल्याची खात्री असलेली एक पॉवर कॉर्ड, एक रॅम, एक सीआर२०३२ सेल, आणि वेगळा पॉवर कनेक्टर न लागणारं साधं ग्राफिक्स कार्ड. शेवटचं विशेषतः इंटेलच्या नावात एफ असलेल्या प्रोसेसरसाठी. त्यांत ग्राफिक्स नसतंच, म्हणून मदरबोर्डच्या एचडीएमआयला केबल लावून डिस्प्लेची वाट बघण्यात अर्थ नाही.

एक जाड पुठ्ठाही. बाकी सगळं निर्दोष निघालं की बोर्ड कॅबिनेटमधून काढून पुठ्ठ्यावर ठेवावा आणि फक्त प्रोसेसर, त्याचा पंखा, एक रॅम आणि एसएमपीएस लावून चालवावा. तिथे चालला तर बोर्डाखाली चुकीच्या जागी लावलेला पितळी स्टँडऑफ (बोर्ड उचलून धरणारा खुंट) किंवा सुटा स्क्रू शॉर्ट करत होता. बोर्ड ज्या चकचकीत अँटिस्टॅटिक पिशवीत येतो ती खाली घालू नये, तिचा बाहेरचा थर वीज वाहून नेऊ शकतो.

पुठ्ठ्यावरही पिवळी क्षणभर उठून पडत असेल तर एसएमपीएस काढून बोर्डावरच्या ८ पिनांच्या सॉकेटमध्ये १२ व्होल्ट आणि ग्राउंड यांच्यातला रोध मोजावा. शून्याजवळ असेल तर प्रोसेसरला वीज देणाऱ्या भागातला मॉस्फेट (वीज चालू-बंद करणारा छोटा भाग) शॉर्ट असण्याची दाट शक्यता आहे, आणि ते काम सोल्डरिंगचं. पण प्रोसेसरजवळच्या चौकोनी कॉइलवर तेच मोजून घाबरू नये. प्रोसेसर बसवलेला असताना तिथे एक ओहमपेक्षा कमी रोध असू शकतो आणि मीटर बझर वाजवतो. एसएमपीएसचा डबा तर कोणत्याही परिस्थितीत उघडायचा नाही: कॉर्ड काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर साठून राहू शकतात.