लिनक्सवर ‘मेकएमकेव्ही’: कुलूपबंद डिस्कमधला चित्रपट जसाच्या तसा

विकत घेतलेल्या डीव्हीडी आणि ब्लू-रे डिस्कमधले चित्रपट हार्ड डिस्कवर उतरवून ठेवायचे असतील, तर लिनक्सवर सर्वांत कमी कटकटीचे साधन म्हणजे ग्विनपिनसॉफ्टचे ‘मेकएमकेव्ही’, असे माझे मत आहे. मात्र ते साधन बसवतानाची कटकट या विधानात धरलेली नाही. हे सॉफ्टवेअर चित्रपटाचे रूपांतर करत नाही. डिस्कवरचे कुलूप, म्हणजे नक्कल रोखणारे सांकेतिक संरक्षण, उघडून आतले चित्र, आवाजाचे सर्व ट्रॅक, सबटायटल आणि प्रकरणांच्या खुणा ते जशाच्या तशा एका एमकेव्ही (चित्र, आवाज आणि सबटायटल एकत्र ठेवणाऱ्या) फाइलमध्ये भरते. त्यामुळे दर्जात तसूभरही फरक पडत नाही आणि वेळ लागतो तो फक्त ड्राइव्हला डिस्क वाचायला लागेल तेवढाच.

डीव्हीडीवरचे सीएसएस हे कुलूप अवघ्या 40 बिटांचे. 1999 साली ते उघडणारा ‘डीसीएसएस’ हा प्रोग्राम प्रसिद्ध झाला, त्यावरून नॉर्वेतल्या यॉन लेक योहान्सन या किशोरवयीन मुलावर खटला भरला गेला आणि 2003 मध्ये अपिलातही तो निर्दोष ठरला. पुढे व्हीएलसी प्लेअर बनवणाऱ्या व्हिडिओलॅनची ‘लिबडीव्हीडीसीएसएस’ ही लायब्ररी आली आणि लिनक्सवर डीव्हीडी पाहण्याचा प्रश्न जवळपास मिटला. अशी कुलपे उघडण्यास मनाई करणाऱ्या अमेरिकेच्या 1998 च्या डीएमसीए कायद्यामुळे लिनक्सची अनेक वितरणे (डेबियन, उबुंटू अशा तयार आवृत्त्या) ती सोबत देत नाहीत. डेबियन आणि उबुंटूवर ‘लिबडीव्हीडी-पीकेजी’ नावाचे पॅकेज घेतले, की ते मूळ कोड उतरवून आपल्याच मशीनवर लायब्ररी तयार करते. ज्यांच्याकडे केवळ साध्या डीव्हीडी आहेत, त्यांचे काम ही लायब्ररी आणि व्हिडिओचे रूपांतर करणारे हँडब्रेक एवढ्यावर भागते, हे आधीच सांगून टाकतो. मेकएमकेव्हीची खरी गरज भासते ती ब्लू-रेला. तिथे एएसीएस आणि काही डिस्कवर बीडी-प्लस अशी बरीच चिवट कुलपे असतात. 4के डिस्कची तर आणखी वेगळी अट आहे, ती म्हणजे ठरावीक मॉडेलचा आणि ठरावीक फर्मवेअरचा (ड्राइव्हमधल्या अंतर्गत सॉफ्टवेअरचा) ड्राइव्हच लागतो, म्हणून खरेदीपूर्वी सुसंगत ड्राइव्हची यादी पाहणे शहाणपणाचे.

आता बसवण्याविषयी. संकेतस्थळावर लिनक्ससाठी दोन स्वतंत्र संग्रह मिळतात: एकात खुला सोर्स कोड, दुसऱ्यात तयार बायनरी. पहिला कंपाइल करण्यासाठी, म्हणजे कोडपासून चालणारा प्रोग्राम तयार करण्यासाठी, कंपायलरबरोबर ओपनएसएसएल, एक्स्पॅट, एफएफएमपेग आणि क्यूटी यांच्या डेव्हलपमेंट फाइली आधी घ्याव्या लागतात. दुसऱ्या संग्रहात ‘मेक’ ही आज्ञा चालवताच टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) परवान्याचा लांबलचक मजकूर उघडतो आणि तो संपवून ‘येस’ असे पूर्ण टाइप केल्याशिवाय गाडी पुढे सरकत नाही. नवी आवृत्ती आली की हा सगळा सोपस्कार पुन्हा करायचा. टर्मिनलची धास्ती असलेल्यांनी फ्लॅटहब या लिनक्सच्या ॲप-भांडारातले तयार फ्लॅटपॅक पॅकेज घ्यावे. सगळे सुरळीत होऊनही ड्राइव्ह दिसत नसेल, तर बहुधा कर्नलचे ‘एसजी’ मॉड्यूल लोड झालेले नसते. ‘सुडो मॉडप्रोब एसजी’ ही एक ओळ पुरते.

वापर मात्र सोपा आहे. डिस्क घातल्यावर ड्राइव्हचे मोठे चित्र दिसते, त्यावर क्लिक केले की डाव्या बाजूला शीर्षकांची यादी उलगडते आणि उजवीकडे निवडलेल्या शीर्षकाची लांबी, आकार आणि प्रकरणांची संख्या दिसते. मुख्य चित्रपट कोणता, हे आकारावरून चटकन कळते. खालच्या नोंदींच्या चौकटीकडे दुर्लक्ष करू नये. अमुक शीर्षक 17 सेकंदांचे आहे, किमान मर्यादा 120 सेकंदांची आहे, म्हणून ते वगळले, अशा धर्तीच्या ओळी तिथे येतात. चित्रपटासाठी ही मर्यादा ठीक आहे. परंतु डिस्कवर छोट्या जाहिराती किंवा कलाकारांची मनोगते असतील आणि तीही हवी असतील, तर सेटिंगमध्ये हा आकडा कमी करावा, अन्यथा ती गुपचूप गळतात. मराठी डिस्कच्या बाबतीत आणखी एक तपासणी करावी: आवाजाच्या ट्रॅकवरचे भाषेचे लेबल कधी कधी चुकीचे असते, आणि मेकएमकेव्ही डिस्कवर जे लिहिले आहे तेच प्रामाणिकपणे उतरवते. एमकेव्ही फाइली संपादित करणाऱ्या एमकेव्हीटूलनिक्समध्ये ते लेबल क्षणात बदलता येते.

खटकणारी बाब म्हणजे परवाना. सॉफ्टवेअर कित्येक वर्षे ‘बीटा’च आहे. डीव्हीडीचे काम कायम फुकट. ब्लू-रेसाठी मात्र चाचणीचा काळ संपल्यावर एक तर परवान्याची किल्ली (नोंदणीचा कोड) विकत घ्यावी लागते, किंवा निर्माते जाहीर करतात ती मुदतीची बीटा किल्ली वेळोवेळी बदलावी लागते. कुलपे उघडणारा महत्त्वाचा भाग बंदिस्त बायनरीत असल्याने उद्या निर्मात्यांनी दुकान बंद केले तर वापरणाऱ्याच्या हाती फारसे काही उरणार नाही, हा धोका पत्करूनच ते वापरायचे.

दोन थरांच्या डीव्हीडीत 8.5 जीबी आणि ब्लू-रेत 50 जीबीपर्यंत मजकूर मावतो, त्यामुळे हार्ड डिस्क भराभर भरते. जागा वाचवायची असेल तर तयार एमकेव्ही हँडब्रेकला द्यावी. डीव्हीडीच्या चित्रासाठी आरएफ (हँडब्रेकमधला दर्जा ठरवणारा आकडा) 18 ते 22 ही हँडब्रेकची शिफारस योग्य आहे; आपल्याकडच्या डीव्हीडींचे चित्र बरेचदा इंटरलेस्ड (एकाआड एक ओळींच्या दोन अर्ध्या चित्रांत विभागलेले) असते, म्हणून डीइंटरलेसची सोय चालू ठेवावी, नाहीतर पात्र हलले की कडांवर आडव्या रेघा दिसतात.

कायद्याचा मुद्दा टाळून चालणार नाही. भारताच्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात 2012 च्या दुरुस्तीने कलम 65अ आले. हक्कभंग करण्याच्या हेतूने संरक्षण-उपाय मोडणे हा त्यानुसार गुन्हा असून, दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंडाची तरतूद आहे. ‘हेतू’ हा शब्द तिथे महत्त्वाचा आहे. स्वतः विकत घेतलेली डिस्क, प्रत स्वतःच्याच घरी, ती कोणाला द्यायची नाही आणि मूळ डिस्क विकायची नाही, एवढे पथ्य मी पाळतो. भाड्याने किंवा उसनी आणलेली डिस्क या परीक्षणाच्या कक्षेबाहेर आहे. अमेरिकेत राहणाऱ्या वाचकांना तिथला डीएमसीए लागू होतो आणि तो अधिक कडक आहे.

ज्यांच्या कपाटात मराठी चित्रपटांच्या आणि नाटकांच्या व्हीसीडी आहेत, त्यांना मेकएमकेव्हीचा उपयोग नाही. ते व्हीसीडी उघडतच नाही. व्हीसीडीला कुलूप नसते, तरीही लिनक्सवर तिच्यातली ‘डॅट’ फाइल नुसती कॉपी करायला गेल्यास वाचनाच्या त्रुटी येतात, कारण तिथल्या सेक्टरची रचना साध्या डेटा डिस्कहून निराळी असते. ‘व्हीसीडीइमेजर’ या पॅकेजमधली ‘व्हीसीडीएक्सरिप’ ही आज्ञा ते काम करते.