डीलरच्या लायसन्सची प्रत न मागणारा बंदूकविक्रेता

अमेरिकेत एका राज्यातल्या खासगी माणसाकडून दुसऱ्या राज्यातल्या माणसाने जुनी बंदूक विकत घेणे कायदेशीर आहे. मात्र 1968च्या गन कंट्रोल ॲक्टनुसार विकणाऱ्याला ती थेट घेणाऱ्याच्या घरी पाठवता येत नाही. मी ओहायोत राहतो, त्यामुळे टेनेसीतल्या विक्रेत्याची शॉटगन माझ्या राज्यातल्या परवानाधारक डीलरकडे यायला हवी होती. तिथे 4473 क्रमांकाचा फॉर्म भरून आणि एफबीआयच्या यंत्रणेकडून माझी पडताळणी होऊन मगच ती मला मिळणार होती. (मी ग्रीन कार्डधारक आहे, एच-1बीवर असलेल्यांना शिकारीच्या परवान्यासारखा ठरावीक अपवाद लागू नसेल, तर बंदूक घेताच येत नाही.)

हे सगळे नियम विक्रेत्यानेच मला बिनचूक सांगितले आणि त्यामुळेच त्याच्यावर विश्वास बसला. लाकडी दस्त्यावरचा ओरखडासुद्धा त्याने फोटोत जवळून दाखवला होता. साडेआठशे डॉलर त्याच्या खात्यात जमा झाल्यावर त्याने माझ्या डीलरचे नाव आणि पत्ता विचारला, लायसन्सची प्रत मात्र मागितली नाही. हे ऐकताच डीलरच्या कपाळावर आठ्या पडल्या. परराज्यात बंदूक फक्त परवानाधारकाकडेच पाठवायची असल्याने खरा विक्रेता ती प्रत आधी मागतो आणि तिच्यावरील क्रमांकाचे पहिले तीन व शेवटचे पाच आकडे एटीएफच्या (बंदूकविक्रीचे परवाने देणाऱ्या केंद्रीय यंत्रणेच्या) ‘ईझी चेक’ या ऑनलाइन पडताळणी सेवेत टाकून परवान्याचा पत्ता जुळतो का, ते पाहतो. ज्याच्याकडे पाठवायला बंदूकच नाही, त्याला या प्रतीची गरज काय?

दोन दिवसांनी कुरिअर कंपनीच्या नावाने मेल आला: बंदूक वाटेत अडकली आहे, ‘परत मिळणारा विमा’ म्हणून आणखी साडेतीनशे डॉलर भरा, नाहीतर बेकायदा शस्त्रवाहतुकीची तक्रार होईल. याचा मला सर्वांत जास्त संताप आहे, कारण परदेशातून येऊन इथे स्थायिक झालेला माणूस असल्या धमकीने किती हादरतो, हे त्या भामट्यांना नेमके ठाऊक असते. मी ते पैसे भरले नाहीत. आधीची रक्कम मी स्वतःच पाठवलेली असल्याने ती परत मिळणार नाही, असे बँकेने कळवले. स्थानिक पोलिसांकडे आणि एफबीआयच्या इंटरनेट गुन्हे केंद्राकडे मी तक्रार नोंदवली आहे.

असा व्यवहार सध्या कोणी करत असेल, तर पैसे पाठवण्याआधी विक्रेत्याला आपल्या डीलरशी फोनवर बोलायला सांगावे आणि तो टाळाटाळ करू लागला, तर तिथेच थांबावे.