एलडीओ की सहायक प्राध्यापक? दोन्ही खुर्च्यांवर बसून झाल्यावर

एम.व्ही.एस्सी. (पशुवैद्यकातली पदव्युत्तर पदवी) संपत आलेली मुलं हल्ली एकच प्रश्न घेऊन केबिनमध्ये येतात. "सर, इकडे माफसूचं बघू की तिकडे आयोगाचं?" म्हणजे महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या कॉलेजात शिकवू, की परीक्षा देऊन सरकारी पशुसंवर्धन खात्यात जाऊ? 2025 मध्ये लोकसेवा आयोगानं पशुधन विकास अधिकाऱ्यांच्या (एलडीओ, म्हणजे खात्यातले पशुवैद्य) 2,795 जागा काढल्या, तेव्हापासून तर रांगच लागलीय. मी सहा वर्षं खात्यात होतो, श्रेणी-1 च्या दवाखान्यात एलडीओ म्हणून. त्यानंतर कॉलेजात, मेडिसिन विभागात. म्हणून मला विचारतात, हे ठीकच. पण माझं मत तटस्थ नाही, हे आधीच सांगून टाकतो.

पगाराचा विषय पहिल्यांदा उरकून घेऊ. सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन 57,700 पासून, एलडीओचं 56,100 पासून. सोळाशे रुपयांवर कुणी जन्माचा निर्णय घेऊ नये. पात्रतेचं तुम्हाला माहीत आहेच: खात्याला बी.व्ही.एस्सी. ही पहिली पदवी पुरते, कॉलेजला एम.व्ही.एस्सी. आणि नेट ही पात्रता परीक्षा किंवा पीएच.डी. लागते.

बदलीचं मात्र नीट बघा. खात्यात राज्यभर कुठेही टाकू शकतात. माफसूची पशुवैद्यकीय महाविद्यालयं बोटांवर मोजण्याइतकी: परळ (1886 पासूनचं, सगळ्यांत जुनं), नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ, अकोला. म्हणजे बदली झाली तरी कुठल्यातरी बऱ्या गावात, जिथे मुलांना शाळा आहे आणि बायकोला नोकरी मिळू शकते. याची दुसरी बाजूही आहे. खात्यात एखाद्याशी पटलं नाही, तर तीन वर्षांत एकजण हलतो. कॉलेजात त्याच माणसाच्या शेजारच्या केबिनमध्ये वीस वर्षं काढावी लागतात. हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

आता कामाकडे येऊ.

हात बसतो तो खात्यातच. यावर माझ्या कॉलेजातल्या सहकाऱ्यांनी रागवलं तरी चालेल. दुधाळ पट्ट्यातला तालुका मिळाला तर पहिल्या वर्षातच इतकी वेतं हाताखालून जातात, की आडवं आलेलं वासरू डोळे मिटून ओळखता येतं. म्हशीच्या गर्भाशयाला पीळ पडला, तर पोटावर फळी ठेवून, एका माणसाला फळीवर उभं करून, पिळाच्याच दिशेनं म्हैस लोळवायची. हे आम्ही पुस्तकात वाचलं होतं. मी ते खऱ्या अर्थानं शिकलो उसाच्या पाचटावर, टॉर्चच्या उजेडात, चार शेजाऱ्यांना हाताशी धरून. पीळ सुटला की आत घातलेल्या हाताला एकदम मोकळं लागतं, पाठोपाठ पाणी येतं. ते मोकळं लागणं शब्दांत शिकवता येत नाही. मी गेली कित्येक वर्षं तोच प्रयत्न करतोय.

शिवाय खात्यात आजार ताजा दिसतो. व्यायल्याच्या दुसऱ्या दिवशी मान कुशीला टेकवून बसलेली गाय. कान थंड, नाकपुडी कोरडी. कॅल्शियमची 450 मिलीची बाटली शिरेतून सावकाश सोडायची, एक हात हृदयाच्या ठोक्यावर. बाटली अर्धी होते न होते तोच पुठ्ठ्यावरची कातडी थरथरायला लागते, ढेकर येते, शेण पडतं आणि बाटली संपेतो बाई उभ्या. घरातली म्हातारी तुमच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकते. कॉलेजात ही गाय येतच नाही, कारण ती गावातच बरी झालेली असते. कॉलेजात येते ती टेम्पोतून, तिसऱ्या-चौथ्या दिवशी, दोघातिघांनी हात मारून झाल्यावर, एका कुशीवर पडून मांडीचे स्नायू चेचले गेलेली. त्यामुळे नुसतं कॉलेजात वाढलेल्या शिक्षकाला प्रत्येक आजाराचा शेवटचा अंकच जास्त पाठ असतो. मला कधी शिक्षकांच्या मुलाखती घ्यायला बसवलं, तर मी पहिला प्रश्न हाच विचारेन: फील्डवर किती दिवस होता?

एवढं सगळं असून मी खातं का सोडलं?

लोकांना वाटतं रात्रीच्या फोनमुळे. नाही. कानात बिल्ले मारण्यामुळे? बारा आकडी नंबर, ऍपवर नोंद, रेंज नाही, वर्षातून दोनदा लाळ्या-खुरकूतची मोहीम आणि महिनाअखेरीस उद्दिष्टाचा तक्ता, याचा कंटाळा यायचा हे खरं. विम्याच्या शवविच्छेदनात कुणीतरी "डॉक्टर, तेवढं जरा ऍडजस्ट करा" म्हणायचं, त्याचाही. पण कंटाळा सगळ्याच नोकऱ्यांत असतो. माझं बिनसलं ते एका वेगळ्याच गोष्टीवरून, आणि ती ऐकून माझे बॅचमेट अजून हसतात.

पावसाळ्यानंतरची गोष्ट. एक शेतकरी सकाळी दवाखान्याच्या पायरीवर बसलेला. "डॉक्टर, म्हस रातीपास्नं लाल मुततीय." गेलो. म्हैस व्यायला महिना होत आलेला. लघवी कॉफीच्या रंगाची, डोळ्यांची आतली कड पांढरीफटक. आता लाल लघवी म्हटलं की आपल्याकडे दोन संशयित पुढे उभे राहतात. एक, फॉस्फरस कमी पडून रक्तपेशी फुटणं, व्यायल्यावर पहिल्या काही आठवड्यांत म्हशींत हमखास दिसतं ते. दोन, गोचिडातून आलेला बबेसिया, तांबड्या पेशींत शिरणारा परजीवी. ताप असेल तर बबेसियाकडे काटा झुकतो, नसेल तर फॉस्फरसकडे. मी थर्मामीटर लावला: 100.5 फॅरेनहाइट. म्हणजे ताप नाही. तेवढ्यात घरातला पोरगा म्हणाला, "राती एकजण इंजेक्शन मारून गेलाय तापाचं." झालं. थर्मामीटरची साक्ष बाद. आणि कासेजवळ बघतो तर गोचिडं लटकलेली.

अशा वेळी फील्डवरचा शहाणा माणूस जे करतो तेच मी केलं. सोडियम ऍसिड फॉस्फेट शिरेतून, बबेसियावरचं डायमिनाझिन मांसात. दोन्ही. वर लोहाची टॉनिकं. दोन दिवसांनी लघवी निवळली, आठवड्यानं म्हैस दूध द्यायला लागली. मालक पेढे घेऊन आला. त्याच्याबरोबर आलेला पोरगा अकरावी सायन्सला होता. त्यानं विचारलं, "सर, मग नक्की झालं काय होतं तिला?"

मी काहीतरी उत्तर दिलं. काय दिलं ते आठवत नाही. पण ते खोटं होतं, एवढं आठवतं.

मग मी मोजायला लागलो, आणि तिथेच चुकलो. दिवसाला वीस-पंचवीस केसेस. त्यांतल्या बऱ्याचशा बऱ्या व्हायच्या. पण कशानं बऱ्या झाल्या हे छातीवर हात ठेवून सांगता येईल अशा किती? आठवड्याला चार-पाच. बाकी सगळीकडे दोन्ही बंदुका झाडलेल्या. ज्या मेल्या त्यांचं तर विचारूच नका. नमुने पाठवायचो. अहवाल यायचा तोवर जनावर पुरून त्यावर गवत उगवलेलं असायचं, कधी अहवाल यायचाच नाही. यात खात्यातल्या कुणा माणसाचा दोष होता असं मी म्हणणार नाही. कामाचा साचाच तसा आहे: जनावर वाचवा, पुढच्या गावाला निघा. आणि शेतकऱ्याच्या बाजूनं पाहिलं तर तोच साचा बरोबर आहे. त्याला म्हैस हवी असते, निदान नव्हे.

माझ्या दवाखान्यात सूक्ष्मदर्शक होता, हेही सांगायला हवं. कपाटात, प्लास्टिकच्या पिशवीत. स्लाइड रंगवायच्या स्टेनची बाटली तळाशी वाळून निळी पापडी झालेली. एकदोनदा मी स्वतः स्टेन आणून सुरुवात केली. पण स्लाइड वाळवा, मिथेनॉलमध्ये बुडवा, गिम्सा स्टेनमध्ये अर्धा तास ठेवा, हे सगळं होईतो बाहेर पाच शेतकरी बाइकला किक मारून उभे. चौथ्या दिवशी सूक्ष्मदर्शक परत पिशवीत गेला.

कॉलेजात आल्यावर पहिल्याच पावसाळ्यात तशीच एक म्हैस आली, तशीच कॉफीच्या रंगाची लघवी. एका इंटर्न मुलीला म्हटलं, कानाच्या शिरेतून थेंब घे, काचेवर पसरून स्मिअर कर. तासाभरात ती ऑइल इमर्शनखाली स्लाइड लावून बसली आणि बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "सर, दोन दोन आहेत." मी वाकून पाहिलं. तांबड्या पेशीच्या आत जोडीनं बसलेले बबेसिया, नासपतीच्या आकाराचे, टोकाशी एकमेकांना चिकटलेले. मागे सातआठ मुलं डोकावत होती. एकच इंजेक्शन दिलं. म्हैस बरी झाली, आणि त्या आठही जणांना ती कशानं बरी झाली ते ठाऊक होतं. माझ्यापुरता निर्णय त्या दिवशी पक्का झाला. घेऊन तर वर्ष होऊन गेलं होतं.

म्हणून कॉलेज म्हणजे स्वर्ग, असं समजू नका. वर्गात साठ-सत्तर मुलं आणि खोड्यात एक गाय. गाभण तपासणी शिकवायची तर पहिली चार मुलं हात घालतात, पाचव्याला गाय लाथा झाडते, सहाव्याच्या हातमोज्याला रक्त दिसतं आणि मला थांबावं लागतं. उरलेली मुलं वहीत लिहून घेतात. साडेचार वर्षं शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप करून बाहेर पडलेल्या कितीतरी मुलांनी एकही वेत स्वतः सोडवलेलं नसतं. हे आमचं अपयश आहे आणि त्याची टोचणी मला खात्यात असताना कधी लागली नव्हती.

शिवाय कागद. खात्यात असताना मला वाटायचं तक्ते फक्त आपल्यालाच भरावे लागतात. कॉलेजात पशुवैद्यक परिषदेची तपासणी, मूल्यांकनाच्या फायली, बढतीसाठीचे गुण, शोधनिबंधांची मोजदाद. जानेवारीत केलेलं काम जुलैत तीन वेगवेगळ्या नमुन्यांत लिहून द्यायचं. यातल्या काही निबंधांत "कशानं" या प्रश्नाचं उत्तर असतं. सगळ्यांत नसतं.

एक मुद्दा मुलांच्या लक्षात येत नाही: तुमचा विषय कोणता? मेडिसिन, सर्जरी, प्रसूतिशास्त्र असेल तर क्लिनिक्समध्ये जनावराशी रोज गाठ पडते. विषय शरीररचनाशास्त्र असेल तर फॉर्मालिनच्या वासाशी. पोषण किंवा विस्तार असेल तर आणखी वेगळंच. ती कामं कमी प्रतीची आहेत असं बिलकूल नाही. पण "मला कॉलेजात जाऊन केसेस करायच्यात" म्हणणारा मुलगा पशुआनुवंशशास्त्रात एम.व्ही.एस्सी. करत असेल, तर त्यानं जरा विचार करावा. त्याच्यासाठी खातंच बरं.

आणि 2022 चा ऑगस्ट. जळगाव जिल्ह्यात लम्पी, जनावरांच्या अंगावर गाठी आणणारा साथीचा रोग, सापडला आणि बघता बघता राज्यभर पसरला. शेळ्यांच्या देवीची लस गाईबैलांना टोचायची मोहीम निघाली. आम्हीही इंटर्न मुलांना घेऊन गावोगाव फिरलो, पण आम्ही पाहुणे होतो. माझे खात्यातले बॅचमेट पहाटे निघून रात्री परतत होते, शेतकऱ्यांच्या शिव्या खात होते, मेलेल्या जनावरांचे पंचनामे करत होते. गाईमागे तीस हजारांची मदत त्यांच्या कागदावर अवलंबून होती. त्या दोन महिन्यांत मला स्वच्छ ऍप्रनची लाज वाटली, हे कबूल करतो. जिथे माणसाला आपली गरज असल्याचं रोज दिसतं अशी नोकरी हवी असेल, तर खात्याला तोड नाही. मी ती मुद्दाम सोडली आणि काही रात्री अजून तिची आठवण येते.

तर, ज्यांना "बरं झालं ना, मग बस" असं म्हणून शांत झोप लागते, त्यांनी बेलाशक खात्यात जावं. ही टीका नाही. ती झोप मला मिळाली असती तर मी अजून तिथेच असतो. ज्यांना "पण कशानं?" हा किडा चावतो, त्यांनी कॉलेजचा अर्ज आधी भरावा, असं मला वाटतं. तुमच्या घरची परिस्थिती वेगळी असेल तर माझं ऐकू नका.

क्रमाबद्दल विचाराल तर माझ्यासारखंच करा, म्हणजे आधी खातं, मग कॉलेज. उलटा प्रवास अवघड आहे, कारण आयोगाची वयोमर्यादा खुल्या गटाला 38 आहे आणि पीएच.डी. करता करता ती कधी येऊन भिडते ते कळत नाही. फक्त फील्डवर पाच-सहा वर्षांहून जास्त थांबू नका. पुस्तक हातातून सुटतं. नेटसाठी मी रोज पहाटे चारला उठायचो आणि तरी दुसऱ्या खेपेलाच पास झालो. खात्यातून अर्ज करताना तो रीतसर कार्यालयामार्फत पाठवा आणि ना-हरकत आधीच मागून ठेवा. ऐन मुलाखतीच्या आठवड्यात त्या कागदामागे धावायची वेळ माझ्यावर आली होती.

आणि दवाखान्यात रुजू झालात तर पहिल्या पगारातून स्लाइडची एक डबी, मिथेनॉल आणि गिम्सा स्वतः विकत घ्या. सूक्ष्मदर्शक बहुतेक कपाटात असेलच. पिशवीतून काढून खिडकीजवळच्या टेबलावर ठेवा आणि निदान लाल लघवीच्या केसला पाच शेतकऱ्यांना अर्धा तास बसवून ठेवा. चहा सांगा हवं तर.