सीझन संपला, ग्रुपवर राडा झाला, आता ॲपबद्दल बोलू (साडेतीन तारे)

आधी रेटिंग देऊन टाकते म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांनी इथूनच कल्टी मारावी. पाचपैकी साडेतीन. ॲप चांगलं आहे, डाउनलोड करा, फुकटात वाचा, पण नाणी (पुढचे भाग आधी उघडायला ॲपमध्ये मिळतात ती) विकत घेऊ नका. बाकी सगळा रिव्ह्यू म्हणजे नाणी का घेऊ नका याचंच रडगाणं आहे. ॲपचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये कारण पुढे मी बरंच बडबडणार आहे, आणि तसंही कोरियन वेबकॉमिकची ॲप्स बरीचशी एकाच वळणाची असतात, तुमच्या फोनमध्ये जे असेल त्याला यातलं बहुतेक लागू पडेल.

ज्यांना हा प्रकारच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कॉमिक, पण पानं उलटायची नाहीत, एक लांबलचक उभी पट्टी असते आणि अंगठ्याने खाली खाली जात राहायचं. कोरियात हे २००३-०४ च्या सुमारास सुरू झालं, आधी दाउम आणि मग नेव्हर या तिकडच्या मोठ्या वेबसाइट्सनी असे विभाग काढले, तेव्हा ते कॉम्प्युटरवर वाचायचे, मग स्मार्टफोन आला आणि हा प्रकार जणू फोनसाठीच बनवला होता असं झालं. नेव्हरचं वेबटून (त्यांचं या कॉमिकचं ॲप) इंग्रजीत २०१४ ला आलं आणि जून २०२४ मध्ये त्यांची कंपनी थेट अमेरिकेत नॅसडॅक या शेअर बाजारावर लिस्ट झाली, म्हणजे आपण मेट्रोत टाइमपास म्हणून जे वाचतो तो केवढा मोठा धंदा आहे बघा. दर आठवड्याला एक भाग येतो. तो वाचायला पाच-सात मिनिटं लागतात आणि त्यानंतर सात दिवस आपण माणसात नसतो.

मी पुण्यात वनाजला मेट्रोत चढते, ऑफिस रामवाडीच्या पुढे. भाग नळ स्टॉप यायच्या आत संपतो आणि उरलेला सगळा रस्ता व्हॉट्सॲप ग्रुपवर बोंबलण्यात जातो. ग्रुपमध्ये मी, ऑफिसातली एक मैत्रीण, साताऱ्याचा मावसभाऊ (सध्या कर्वेनगरला रूम करून राहतो), पिंपरीचा एक कॉलेजमित्र आणि आई. हो, आई. तिच्याबद्दल पुढे सांगते, ती या रिव्ह्यूची खरी हिरोईन आहे.

आमची कॉमिक रिग्रेशनवाली आहे, म्हणजे नायिका पहिल्याच भागात मरते आणि दहा वर्षं मागे जाऊन जागी होते, आता तिला पुढचं सगळं माहीत. आणि अर्थातच उत्तरेचा ड्यूक (म्हणजे मोठा सरदार) आहे. या असल्या कॉमिकमध्ये उत्तरेला कायम बर्फ असतो आणि तिथे काळ्या केसांचा एक ड्यूक असतो जो कुणाशी नीट बोलत नाही, हे का ते विचारायचं नाही. तर पूर्ण सीझनभर तिला निनावी पत्रं येत होती, आज बागेत जाऊ नकोस, या माणसाच्या हातचा चहा पिऊ नकोस, वगैरे. पत्रं कोण पाठवतंय यावर ग्रुपमध्ये उभी फूट. मावसभाऊ म्हणायचा ड्यूक, मैत्रीण म्हणायची धाकटी बहीण, मी म्हणायचे म्हातारा खानसामा कारण असल्या गोष्टीत म्हाताऱ्या खानसाम्याला सगळं माहीत असतं.

सीझनचा शेवटचा भाग बुधवारी सकाळी पडला. (इथून पुढे स्पॉइलर आहे, पण नावच सांगितलं नाहीये तर कशाचा स्पॉइलर.) ती शेवटचं पत्र उघडते, पट्टी खाली जाते, मेणाचा शिक्का, घडी, मग नुसता पांढरा रिकामा पट्टा, एवढा लांब की मला वाटलं रेंज गेली, मग पत्रातल्या दोन ओळी आणि अक्षर तिचंच. मग काळा पट्टा, आणि सगळ्यात खाली फक्त एक हात, मधल्या बोटाला शाईचा डाग. संपलं. सीझन संपला! मी मेट्रोत जोरात "अरे ए" असं ओरडले आणि समोरच्या आजोबांनी पेपर खाली केला.

इथे ॲपला पूर्ण मार्क. छापील पुस्तकात शेवट जवळ आलाय हे हाताला कळत असतं, उजव्या बाजूची पानं कमी होत जातात, आपण मनाची तयारी करतो. इथे किती उरलंय ते दिसतच नाही, वाचताना सगळी बटणं आणि पट्ट्या गायब होतात, फक्त चित्र. त्यामुळे शेवट कधी अंगावर येईल सांगता येत नाही. आणि दोन चित्रांमधली ती मोकळी जागा म्हणजे वेळ असतो, चित्रकाराने ती जेवढी लांब सोडली तेवढा वेळ तुमचा अंगठा नुसता फिरत राहतो आणि पोटात गोळा येतो. ही करामत चित्रकाराची, पण ॲपने मध्ये लुडबुड केली नाही याचं कौतुक. डाउनलोडची सोयपण आहे, ती वापरा, कारण स्वारगेटच्या भुयारी लाइनवर माझं सिम मान टाकतं आणि नेमकं पत्र उघडताना चित्राऐवजी गोल गोल फिरणारं चक्र बघायला लागलं तर माणसाने काय करायचं.

आता मार्क कापायची वेळ. तो हात, तो शाईचा डाग, तुमचा श्वास अडकलाय, आणि त्याच्या लगेच खाली, चिकटून, गुलाबी रंगात "तुम्हाला हेही आवडेल" आणि उघड्या छातीचे तीन ड्यूक. अरे थांबा ना जरा! दोन सेकंद तरी द्या. याचा अर्धा तारा कापला.

स्क्रीनशॉट काढायला देत नाही, नुसता काळा येतो. पायरसीमुळे असेल, समजू शकते, पण आमच्यासारख्यांनी चर्चा कशी करायची? मग आम्ही एका फोनने दुसऱ्या फोनचा फोटो काढतो, त्यात डायनिंग टेबलवरचा ट्यूबलाइट चमकतो, आणि ड्यूकच्या कपाळावर ट्यूबलाइट असलेले ते फोटो आमच्या ग्रुपचे स्टिकर झालेत.

आता आई. आई बँकेतून रिटायर झाली, इंग्रजी उत्तम, पण कॉमिक म्हणजे तिच्या लेखी शाळेतल्या पोरांचं काम. एकदा माझ्या खांद्यावरून बघता बघता अडकली आणि मग पहिल्या भागापासून वाचत आली, तेसुद्धा चष्मा लावून, चित्रं मोठी करून, सही तपासावी तसं प्रत्येक चित्र तपासत. आम्ही सगळे संवाद वाचून पळणारे, ती चित्र बघणारी. बुधवारी ग्रुपवर आम्ही किंचाळत होतो, मावसभाऊ पंधरा वेळा "काय???" लिहून मोकळा झाला होता, मैत्रिणीने ऑफिसच्या बाथरूममधून व्हॉइस नोट पाठवली ज्यात फक्त श्वास ऐकू येत होता, आणि आईने शांतपणे एक फोटो टाकला, ट्यूबलाइटसकट. फार मागचा भाग, ड्यूकबरोबर चहाचा सीन. नायिकेच्या मधल्या बोटाला डाग. खाली आईचा मेसेज, "बाई दिवसभर हातमोजे घालून हिंडते, तेवढ्या एका चित्रात काढलेत. उगाच काढायला लावेल का कोणी? मी तेव्हाच म्हटलं होतं." आणि खरंच म्हटलं होतं! मागे स्क्रोल करून बघितलं तर तिने तेव्हा लिहिलेलं की हिच्या हाताला शाई कशी, आणि त्यावर आम्ही कुणीही काही बोललो नव्हतो, मावसभावाने तर अंगठा दाखवून विषय संपवला होता.

त्यानंतर जे झालं ते म्हणजे सगळे मागच्या मागच्या भागांत घुसले. कुठल्या चित्रात हातमोजे आहेत, कुठे नाहीत, मेणबत्ती किती जळलीये, खिडकीत चंद्र कुठला. मैत्रिणीने सिद्ध केलं की पत्रं येतात त्या प्रत्येक रात्रीनंतरच्या सकाळी नायिका उशिरा उठलेली दाखवलीये. मग प्रश्न, ती झोपेत लिहिते की पुढच्या काळातली तीच लिहितेय? आईचं मत झोपेत, कारण "डाग ताजा आहे". माझं अजून ठरत नाहीये. असा आठवडा पैसे देऊन मिळत नाही.

आणि पैसे दिले तर तो जातो, हाच माझा मुद्दा. ॲपमध्ये नाणी घेऊन पुढचे भाग आधी उघडता येतात, यूपीआयने दोन टॅपमध्ये. एका भागाचे पैसे बघायला किरकोळ वाटतात, पण नाणी गठ्ठ्याने घ्यावी लागतात आणि भागांचा हिशोब असा बसवलाय की दर वेळी दोन-तीन नाणी उरतातच, मग ती वाया जाऊ नयेत म्हणून पुन्हा गठ्ठा. हे सगळं मी सहन केलं असतं. पण पिंपरीच्या मित्राने सीझनचा शेवट आधीच उघडून वाचला होता. आम्हाला सांगितलं नाही, शहाणा मुलगा आहे, पण नुसतं न सांगून भागतं का? त्या बुधवारच्या आधीच्या शनिवारी आम्ही डेक्कनला गुडलकमध्ये बन मस्का आणि चहा घेऊन बसलो होतो, १९३५ पासूनची जागा आहे, असल्या थिअऱ्या तिथे किती मांडल्या गेल्या असतील. मावसभाऊ जीव तोडून ड्यूकची बाजू मांडतोय आणि हा नुसता कपाकडे बघून हसतोय. मी खानसामा म्हटलं की "बघा हं". मैत्रीण बहिणीबद्दल बोलली की "हं, इंटरेस्टिंग". अरे तुझं 'हं' हाच स्पॉइलर आहे! शेवटी मैत्रिणीने त्याला सांगितलं की तू बाजूच्या टेबलवर बस किंवा बिल दे. त्याने बिल दिलं. वर बिचाऱ्याची खरी अडचण अशी की बुधवारी आम्ही सगळे वेडे झालो तेव्हा तो एकटा कोरडा, त्याचं ओरडून आधीच झालं होतं, मोशीच्या ट्रॅफिकमध्ये, एकट्याने, ऐकायला कॅबचा ड्रायव्हर. मला म्हणाला, शाईचं बघितलंच नाही मी, पुढचा भाग उघडायची घाई होती.

पुण्याला हे क्रमशः प्रकरण काही नवीन नाही म्हणा. हरिभाऊ आपट्यांनी १८९० मध्ये इथूनच 'करमणूक' साप्ताहिक काढलं आणि त्यात त्यांच्या कादंबऱ्या अशाच तुकड्या-तुकड्यांनी यायच्या. तेव्हाही वाड्यांमध्ये आठवडाभर कीस पाडत असणार, फक्त शेजारच्या कुणी दोन आणे जास्त देऊन पुढचा अंक आधी वाचून यायची सोय नव्हती. ती सोय म्हणजेच या ॲपचा धंदा आहे आणि धंदा चुकीचा नाही, त्यातला वाटा चित्रकाराकडे जातो म्हणतात, जावाच. पण मग मला चित्रकाराला पैसे द्यायचे असतील तर भाग संपल्यावर द्यायचं बटण द्या ना. मी त्या हाताच्या चित्राखाली, गुलाबी ड्यूकांच्या जागी, तिथल्या तिथे पन्नास रुपये टाकले असते. तेवढी एक सोय नाहीये, आणि माझ्या मते हीच सगळ्यात मोठी उणीव, एक तारा त्याचाच गेला.

सीझन दोन कधी, तर ॲप म्हणतं "लवकरच". मावसभाऊ चिडून म्हणाला चित्रकार आळशी आहे, तेव्हा मात्र मी भांडले. दर आठवड्याला पन्नास-साठ रंगीत चित्रं म्हणजे काय खायचं काम नाही. डुबू या नावाने काढणारा जांग सुंग-राक, इतका गाजलेला कोरियन चित्रकार, जुलै २०२२ मध्ये ब्रेन हॅमरेजने गेला, पस्तिशी नुकतीच ओलांडलेली. त्यानंतर कोरियात या लोकांच्या कामाच्या तासांबद्दल बरीच चर्चा झाली. त्यामुळे ब्रेक घेतलाय तर घेऊ दे, सहा महिने घेऊ दे, आम्ही इथे मेणबत्त्या मोजत बसतो. मावसभावाने सॉरी म्हटलं नाही पण दुसऱ्या दिवशी एक नवीन थिअरी पाठवली, म्हणजे झालंच.

मराठी नाहीये ॲपमध्ये, हिंदीपण नाही, फक्त इंग्रजी, त्यामुळे आजीला गोष्ट आईने तोंडी सांगितली. आजीचं म्हणणं ड्यूकचं काहीतरी वेगळंच आहे, माणूस चांगला वाटत नाही.

आणि डाउनलोड करणार असाल तर आधी सेटिंगमध्ये जाऊन 'ऑटो अनलॉक' बंद करा. मैत्रिणीच्या धाकट्या भावाच्या फोनमध्ये ते चालू राहिलं होतं, पोरगं रात्री भागामागून भाग वाचत गेलं आणि नाणी गुपचूप कापली जात राहिली, सकाळी वडिलांच्या खात्यातून गठ्ठ्याचे मेसेज. कस्टमर केअरला मेल केला तर "तुमचा अनुभव आमच्यासाठी महत्त्वाचा आहे" असं उत्तर आलं, पैसे अजून आलेले नाहीत.