जुन्या घरातली चूल: राखावी की काढावी?

दिवाळीचे फोव (पोहे) संपले, तुळशीचं लग्न झालं, की गोव्यातल्या कौलारू घरांत दुरुस्तीची बोलणी सुरू होतात. पाऊस कुठून शिरला त्याचे डाग अजून भिंतीवर असतात, कुठला वासा भिजलाय ते हात लावून कळतं. बाकीचं घर पटकन ठरतं. अडतं ते स्वयंपाकघरापाशी: मातीची चूल लिंपून-सावरून ठेवायची, की ती काढून ग्रॅनाइटचा ओटा आणि गॅस?

बहुतेक घरी हे सोयीवर ठरतं, आणि सोयीत गॅस पुढे आहे यात वादच नाही. पण जुन्या चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) घरात चूल नुसतं अन्न शिजवत नाही, छप्परही सुकवते. तिची गरम हवा सरळ वर चढते, वाशांमधून आणि कौलांच्या फटींतून बाहेर पडते, जाताना ओल घेऊन जाते. आग विझल्यावरही माती कितीतरी वेळ ऊब सोडत राहते. लाकडातला ओलावा साधारण २० टक्क्यांच्या खाली राहिला तर बुरशी धरत नाही, ते कुजत नाही. वाळवीचं मात्र वेगळं आहे. ती जमिनीतून, भिंतीच्या आतून चढते. धुराने ती थांबेल या भरवशावर राहू नका, तिच्यासाठी औषधच मारावं लागतं.

गॅसचं गणित उलटं. १४.२ किलोचा एक सिलिंडर जळून संपतो तेव्हा २० लिटरहून जास्त पाणी वाफ होऊन हवेत जातं. भांड्यांतली वाफ वेगळीच. लाकडातूनही वाफ निघते, पण तिला वर ओढून नेणारा झोत चुलीपाशी असतो. थंडीत खिडक्या लावून घेतल्या, वर पीओपीचं छत ठोकलं, भिंतीला प्लास्टिक रंग दिला, की ही ओल जाणार कुठे? रंगाला फोड येतात, पापुद्रे सुटतात, मागचा चिरा ओला तो ओलाच. म्हणून गॅसवर जाणार असाल तर ओट्याबरोबर भिंतीचाही खर्च धरा. ओट्यामागे टाइल्स, टाइल्सच्या वरच्या भिंतीला चुन्याचा हात, उंचावर एक्झॉस्ट पंखा. कौलांखाली छत नकोच. त्याने गळती थांबत नाही, फक्त दिसायची बंद होते.

चुलीच्या विरुद्ध एकच मुद्दा, पण तो भारी आहे: धूर. घरात दम्याचं माणूस, तान्हं मूल किंवा गरोदर बाई असेल तर आतली चूल पेटवूच नये, मग छपराचं काय व्हायचं ते होवो. आणि थंडी आहे म्हणून दारं-खिडक्या लावून खोलीत निखारे ठेवून झोपणं जिवावर बेतू शकतं. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. धुराड्याची चूल हा मधला मार्ग आहे. मात्र पाइप वाशांपासून लांब हवा, कौलातून बाहेर निघतो तिथे पत्र्याची नीट झालर हवी, आणि काजळी वेळच्या वेळी काढायला हवी.

आता रांधण्याचं. खतखते (मिश्र भाज्यांचं कालवण) गॅसवर तितकंच चांगलं होतं. तिरफळं शेवटी घातली आणि भाज्या गाळ होऊ दिल्या नाहीत की झालं. माशाच्या हुमणाला (कालवणाला) बारीक आच पुरते, मातीचं कुंडलंही (भांडंही) त्यावर चालतं. फरक पडतो तो पेजेत. उकड्या तांदळाची पेज चुलीवर मंद रटरटत राहते, शीत फुलतं पण मोडत नाही, निवळ (वरचं पाणी) घट्ट होते. कुकरमध्ये ती लवकर होते खरी, पण शीत आणि निवळ एकजीव होऊन जातात. आणि थंडीत कणगं (रताळ्यासारखे कंद) येतात तेव्हा ती राखेत पुरावीत: साल करपते, आतला गर कोरडा, पिठूळ, गोड होतो. गॅसवरच्या जाळीवर बाहेरून जळतात, मधे कच्ची राहतात.

माझं मत सांगते. रोजचा स्वयंपाक गॅसवर आणा. पण चूल मोडू नका, हलवा: मागच्या पडवीत, तीन बाजू उघड्या असतील तिथे. पेज, कणगं, दिवाळीच्या आंघोळीचं भाणातलं (पाणी तापवायच्या मोठ्या भांड्यातलं) पाणी, सगळं तिथे होईल. नारळाची सोडणं, करवंट्या, वाळकी चुडतं (झावळ्या) परसातच पडलेली असतात, विकतचं जळण लागत नाही. फ्लॅट असेल किंवा म्हातारी माणसं एकटीच राहत असतील तर हा विचारही करू नका, गॅस घ्या.

आतली चूल काढल्यावर तिथल्या छपराला उघडीक मात्र ठेवा. निदान एक काचेचं कौल आणि भिंतीत वर एक जाळी, आणि ती गवंड्याकडून ओट्याच्या आधी करून घ्या. ओटा झाल्यावर त्यावर परांची बांधून भिंत फोडायला कुणी तयार होत नाही.