सळ्या शोधायचं जीपीआर: रडार झकास, चाक भिकार

जीपीआर म्हणजे काँक्रीटच्या आतलं दाखवणारं रडार, चाकावर ढकलत फिरवायचं. ते घेताना सगळे अँटेनाबद्दल विचारतात. १.६ गिगाहर्ट्झ घ्यावा की २.६, यावर तासभर वाद घालतील. चाकाबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढत नाही. मशिनला आपण कुठे आहोत हे कळतं ते त्या एनकोडरच्या, म्हणजे फेऱ्या मोजून अंतर काढणाऱ्या चाकामुळे, आणि आमचं नेमकं तेच गेलं.

बंद पडलं असतं तर परवडलं असतं. त्याचं रबर झिजलं. घेर कमी झाला की तेवढ्याच अंतरात चाक जास्त फिरतं, आणि टेपवर १०० सेंटिमीटर भरणारी रेघ स्क्रीनवर १०२ होते. सुरुवातीच्या सळ्या बरोबर दिसतात, टोकाकडच्या सरकतात. तिथेच कोअर कटिंगवाला (स्लॅबला गोल भोक पाडणारा) खडूच्या खुणेवर बिट टेकवून उभा असतो! धुरळा असलेल्या स्लॅबवर उलटा प्रकार: चाक घसरतं, अंतर कमी भरतं.

बरं, गोंधळ अंतरापुरता राहत नाही. सळई स्क्रीनवर कमानीसारखी दिसते, तो हायपरबोला; त्याच्या आकारावरून तरंगाचा वेग काढायचा, तर झिजलेल्या चाकाने तो फाकलेला दिसतो, वेग जास्त निघतो आणि सळई आहे त्यापेक्षा खोल दाखवली जाते.

सर्व्हिसवाल्यांचं उत्तर: रबर सुटं मिळत नाही, पूर्ण असेंब्ली बदला, मशीन पाठवून द्या. बोटभर रबरासाठी! मी मापाची ओ-रिंग आणून बसवली, टेपने फरशीवर दोन मीटर आखले आणि मेनूतून अंतर कॅलिब्रेट केलं. तेव्हापासून रोज काम सुरू करण्याआधी ही दोन मीटरची तपासणी ठरलेली.

आता रडारबद्दल. एवढा खर्च कशाला, कव्हर मीटर (सळई आणि तिच्यावरचा काँक्रीटचा थर, म्हणजे कव्हर, मोजणारं साधं यंत्र) पुरे, असं माझं मत होतं. ते बदललं एका स्लॅबवर. वरच्या जाळीच्या खाली, दोन सळ्यांच्या मधोमध, एक फिकट हायपरबोला दिसला. ग्रिड स्कॅनमध्ये, म्हणजे आडव्या-उभ्या रेघांनी घेतलेल्या स्कॅनमध्ये, तो तिरपा पळत होता. सळ्या कशाला तिरप्या जातील? प्लॅस्टिकचा कंड्युट होता, म्हणजे वायर टाकायची पाइप, रिकामी. कव्हर मीटरला फक्त धातू कळतो, त्यामुळे रिकामी पाइप त्याच्या लेखी नसतेच. त्या दिवशी मशीनवरचा राग निम्मा उतरला.

ओल्या काँक्रीटवर मात्र जपून. कोरड्याचा डायइलेक्ट्रिक (हा आकडा जितका मोठा तितका तरंग हळू) ६ धरून बसलात आणि प्रत्यक्षात तो ९ असेल, तर ५ सेंटिमीटरवरची सळई ६ च्या पुढे दिसते. म्हणजे ड्रिलसाठी एक सेंटिमीटर जास्त जागा आहे असं वाटतं, आणि ती नसते. नव्या काँक्रीटमध्ये तर सिग्नल खोलवर पोचण्याआधीच विरतो. जाळी दाट असेल तर खालच्या थराचा भरवसा धरू नका. आणि स्कॅन दोन्ही दिशांनी घ्याच. चाकाच्या दिशेलाच समांतर धावणाऱ्या सळईचा हायपरबोला बनत नाही, सरळ पट्टा दिसतो आणि नवखा माणूस त्याला स्लॅबचा तळ समजतो.

सळईचा व्यास विचारणारा क्लायंट हमखास भेटतो. १२ मिलिमीटरची की १६ ची, हे जीपीआरवरून खात्रीने सांगता येत नाही. त्यासाठी जुना कव्हर मीटर अजून बॅगेत आहे, आणि तिथेही शंका राहिली तर एका ठिकाणी कव्हर फोडून कॅलिपर लावायचा.